वर बर्फ, खाली कोमट दूध

कोकणात डबल डोअर फ्रीजची सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार एकच: वर फ्रीजरमध्ये बर्फ दगडासारखा आणि खाली दूध सकाळपर्यंत नासलेलं. मेकॅनिक येतो, कॉम्प्रेसरला हात लावून बघतो आणि सांगतो, "गॅस गेलाय." बहुतेक वेळा गॅस जिथल्या तिथे असतो. गेलेला असतो तो वारा.

मालवणच्या बाजूला, समुद्रापासून अर्ध्या किलोमीटरवरच्या चिरेबंदी घरात २६० लिटरचा असा फ्रीज मे महिन्यात लावला आणि भाद्रपदात नेमक्या याच तक्रारीवर उघडला. लावताना काय बघितलं, उघडल्यावर काय मोजलं, ते क्रमाने लिहितो.

दारं दोन असली तरी फ्रॉस्ट फ्री डबल डोअरमध्ये थंड करणारी यंत्रणा बहुधा एकच असते. फ्रीजरच्या मागच्या प्लॅस्टिक पॅनलच्या पलीकडे ॲल्युमिनियमच्या पात्यांची कूलिंग कॉइल आणि तिच्या वर तळहाताएवढा पंखा. कॉइल उणे २५ अंशांच्या आसपास असते. पंखा तिच्यावरून हवा ओढतो, बरीचशी फ्रीजरमध्ये सोडतो आणि थोडी एका अरुंद वाटेने खाली पाठवतो. त्या वाटेवर डॅम्पर नावाची झडप. खालच्या कप्प्यात स्वतःचं थंड असं काही नाहीच. वरून येईल ती झुळूक हीच त्याची थंडी. ती नीट आली तर वर उणे १८ आणि खाली ३ ते ४ अंश राहतात. ती अडली की वर काही कळत नाही, खालचं दूध मात्र फाटतं.

आता आपल्याकडची हवा. पावसाळ्यात दार उघडलं की ओलीचिंब हवा आत शिरते आणि तिच्यातलं पाणी कॉइलवर हिम होऊन बसतं. म्हणून ठरावीक वेळाने कॉम्प्रेसर थांबतो, कॉइलखालचा हीटर तापतो, हिम वितळतं, पाणी खालच्या पन्हळीत उतरतं, नळीने मागे कॉम्प्रेसरवरच्या ट्रेमध्ये पडतं आणि कॉम्प्रेसरच्या उबेने उडून जातं. फ्रॉस्ट फ्री म्हणजे हिम होतच नाही असं नव्हे. होतं, पण आपल्या नजरेआड होतं आणि नजरेआडच वितळतं. घाटावर हाच फ्रीज वर्षानुवर्षं कुरकुर करत नाही. इथे जून ते सप्टेंबर या हिम वितळवण्याच्या साखळीतला प्रत्येक दुवा ताणला जातो आणि जो कच्चा असेल तो तुटतो.

लावणं. घाट उतरून टेम्पोत आडवा घालून आणलेला फ्रीज उतरवल्या उतरवल्या चालू करू नये. कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांमध्ये गेलेलं असतं. आडवा आला असेल तर २४ तास उभा ठेवावा, उभाच आला असेल तर चार तास पुरतात. डिलिव्हरीवाला "लावा हो, काही होत नाही" म्हणतो. त्याला संध्याकाळच्या आत पुढचं घर गाठायचं असतं.

जागा निवडताना दोन गोष्टी टाळल्या. एक, पश्चिमेची खिडकी. खारा वारा थेट मागे कॉम्प्रेसरजवळच्या उघड्या नळ्यांवर आला की तांब्याच्या नळीचा सांधा हिरवा पडतो, लोखंडी नळीला पापुद्रे सुटतात आणि तिथून मग गॅस खरोखरच जातो. दुसरी, भिंतीतला जुना कपाटाचा खण. चिरेबंदी घरांत तो खण फ्रीजसाठीच बांधला असावा असा मापात असतो आणि मोह होतो. पण आताच्या फ्रीजना मागे काळी जाळी नसते, गरम नळी बाजूच्या पत्र्यांच्या आतून फिरवलेली असते. बाजू तापतात त्या त्यामुळेच, तो बिघाड नव्हे. दोन्ही बाजूंना पाच सेंटिमीटर, मागे दहा आणि वर किमान पंधरा सेंटिमीटर मोकळं हवं. फुलाफुलांचं प्लॅस्टिकचं कव्हर घालणं म्हणजे मे महिन्यात माणसाला गोधडी पांघरायला लावणं. दाराच्या चौकटीभोवतीही गरम नळी असते, तिथे पाणी सुटू नये म्हणून. चौकट कोमट लागली तर घाबरायचं कारण नाही.

जमीन कोब्याची होती, मागे सहा-सात मिलिमीटर उंच. पुढचे पाय फिरवून पुढची बाजू मागच्यापेक्षा किंचित वर घेतली. अर्धं उघडलेलं दार सोडलं की आपोआप बंद व्हायला हवं, हीच खूण. चाकांचं प्लॅस्टिक स्टँड टाळलं. त्यावर फ्रीज थरथरतो आणि दार हलकेच उघडं राहतं. पावसाळ्यात जमिनीला ओल येते म्हणून पायांखाली नुसते रबराचे तुकडे ठेवले.

अर्थिंगवर मात्र अर्धा दिवस गेला आणि तो जायलाच हवा होता. जांभ्यात पाणी ठरत नाही. पावसाळ्यात उत्तम असलेला अर्थिंगचा खड्डा एप्रिल-मेमध्ये खडखडीत कोरडा होतो आणि तीन पिनांचा सॉकेट नावालाच तीन पिनांचा उरतो. मीटरवर फेज आणि न्यूट्रलमध्ये २२६ व्होल्ट, फेज आणि अर्थमध्ये १४०. हे दोन आकडे जवळपास सारखे यायला हवेत. न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त नकोत. उलट, मीटर २२६ दाखवतोय म्हणून अर्थिंग पक्कं असंही नाही, कारण मीटर करंट जवळजवळ घेतच नाही. वायरमन फेज आणि अर्थमध्ये ६० वॉटचा बल्ब लावून बघतो: लख्ख पेटला तर ठीक, मिणमिणला तर खड्डा बघा. (घरात आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती होताच वीज तोडणारा स्विच, असेल तर या चाचणीत तो लगेच पडणार, तो त्याचा धर्मच. ही चाचणी जाणकारानेच करावी.) खड्ड्यात कोळसा आणि मीठ भरून चार बादल्या पाणी ओतलं. दुसऱ्या दिवशी फेज-अर्थ २२४ व्होल्ट आले आणि बल्बही लख्ख पेटला. आता मार्चपासून दर आठवड्याला त्यात एक बादली जाते.

चालू केल्यावर पहिले काही तास रिकामाच चालवला. मग मधल्या फळीवर पाण्याचा ग्लास, त्यात थर्मामीटर. हवेचं तापमान दार उघडताच पळतं, पाण्याचं पळत नाही. रात्रभर दार न उघडता सकाळी ४ अंश भरले. फ्रीजरमध्ये दोन थंड पाकिटांच्या मधे थर्मामीटर दाबून उणे १७. अर्ध्या तासात "गार झालंच नाही" म्हणून नॉब पुढे फिरवणारे खूप. प्रत्येक बदलानंतर एक दिवस थांबल्याशिवाय काही कळत नाही.

नॉबबद्दल इथेच सांगतो, कारण निम्म्या तक्रारी याच जागी जन्मतात. पुष्कळ मॉडेलांत फ्रीजरमधला नॉब फ्रीजरचं तापमान ठरवतच नाही, तो फक्त झडप फिरवतो: किती हवा वर ठेवायची आणि किती खाली सोडायची. थर्मोस्टॅट खालच्या कप्प्यात असतो. पाहुणे आले, बर्फ लवकर हवा म्हणून वरचा नॉब "कोल्डेस्ट"वर नेला की खालची झुळूक आटते. खाली ऊब वाढते, थर्मोस्टॅट कॉम्प्रेसरला थांबू देत नाही, वर आणखी बर्फ, खाली आणखी कोमट. दोन्ही नॉब मध्यावर ठेवून एक दिवस वाट बघणं ही पहिली दुरुस्ती, आणि तिला पैसे पडत नाहीत. दुसरीही फुकटच: खालच्या कप्प्यात वरच्या बाजूला मागे हवेची जाळी असते, तिच्यासमोर कोकमाच्या आगळाची बाटली किंवा खोबऱ्याचा डबा टेकवलेला नाही ना ते बघणं.

गौरी-गणपतीत घर भरलं. दार दिवसातून शंभरदा उघडलं असेल. विसर्जनानंतर चार दिवसांनी मधल्या फळीवरचा ग्लास ११ अंश दाखवायला लागला, फ्रीजर उणे १४.

उघडण्याआधी बाहेरून जे कळतं ते आधी कळून घ्यावं. फ्रीजरचं दार उघडून दाराचा स्विच बोटाने दाबला. पंखा फिरायला हवा. फिरत होता, पण खरखरत, पातं बर्फाला घासतंय असा आवाज. फ्रीजरच्या मागच्या पॅनलवर आतल्या बाजूने पांढरं हिम फुटून आलेलं. एवढ्यावरच नव्वद टक्के निदान झालं. उरलेल्या दहासाठी दाराचं रबर तपासलं: दहाची नोट दारात अडकवून ओढायची, अडखळत आली तर रबर ठीक, अलगद सुटली तर तिथून हवा शिरते. खालच्या एका कोपऱ्यात नोट अलगद सुटली. रबर साबणाच्या पाण्याने पुसलं, घडीतला माशाच्या खवल्यांचा चिकट थर निघाला. मग गरम पाण्यात पिळलेलं फडकं दाबून तो कोपरा वळवला आणि रात्रभर दार चिकटपट्टीने बंद ठेवलं. रबर बदलावं लागलं नाही.

मग फ्रीज उघडला. पिन काढली, सामान थर्माकोलच्या पेटीत बर्फात गेलं. मागच्या पॅनलचे स्क्रू प्लॅस्टिकच्या टोप्यांखाली लपलेले असतात. स्क्रू निघाले तरी पॅनल निघत नाही, कारण बर्फाने धरलेलं असतं. ओढलं की मागचं थर्माकोल फाटतं आणि हवेच्या वाटा कायमच्या बिघडतात. गरम पाण्याचं पातेलं फ्रीजरमध्ये ठेवून दार लोटलं, वीस मिनिटांनी पाणी बदललं, तिसऱ्या पातेल्याला पॅनल हातात आलं. सुरी, स्क्रू ड्रायव्हर, उलथनं यातलं काहीही बर्फाला लावायचं नाही. ॲल्युमिनियमची नळी पातळ असते. एक छिद्र पडलं की शेकड्यांतली दुरुस्ती हजारांत जाते. आणि कॉम्प्रेसरवर आर६००ए लिहिलं असेल तर आतला वायू आयसोब्युटेन, म्हणजे जळणारा. तो सुटल्याचा संशय आला तर आधी खिडक्या उघडायच्या. जवळपास ठिणगी नको, आणि प्लग किंवा बटणाशी चाळाही नको.

कॉइल दिसली की हिम कसं बसलंय ते वाचता येतं. पूर्ण कॉइलवर कापसासारखा जाड थर म्हणजे हिम वितळणं बंद पडलंय. वरच्या एक-दोन वेटोळ्यांवरच हिम आणि बाकी कॉइल कोरडी, म्हणजे गॅस कमी किंवा नळी तुंबलेली. सगळीकडे पातळ, सारखं हिम आणि तरी खाली थंडी नाही, म्हणजे पंखा किंवा झडप. इथे तीन बोटं जाड थर होता. गॅस ठणठणीत.

हिम वितळवण्याच्या वाटेवर तीन वस्तू एकामागे एक जोडलेल्या असतात: हीटर, बायमेटल (तापमानाप्रमाणे आपोआप जुळणारा-सुटणारा स्विच) आणि थर्मल फ्यूज (फार तापलं की कायमचा तुटणारा). तिन्ही मल्टीमीटरने, पिन काढलेलीच ठेवून तपासल्या. हीटरवर १६० वॉट लिहिलं होतं. २३० चा वर्ग भागिले १६० म्हणजे ३३० ओहम. मीटरने ३२६ दाखवले. हीटर चांगला. फ्यूजवर ७२ अंश लिहिलेलं. तो त्याखालच्या कोणत्याही तापमानाला जुळलेलाच हवा, म्हणजे मीटर वाजायला हवा. मीटर गप्प. फ्यूज उडालेला.

इथेच बहुतेक दुरुस्त्या अर्धवट सुटतात. फ्यूज बदलतात, फ्रीज महिनाभर चालतो आणि पुन्हा तेच. फ्यूज उगाच उडत नाही. कॉइल पुरेशी तापली की हीटर तोडण्याचं काम बायमेटलचं. ते त्याने केलं नाही म्हणून तापमान ७२ पर्यंत चढलं. बायमेटल थंडीत जुळतो आणि शून्याच्या वर थोडे अंश गेल्यावर सुटतो, म्हणून टेबलावर ठेवून मोजला तर चांगला बायमेटलही तुटलेलाच दाखवतो. नवशिका तिथे फसतो आणि चांगली वस्तू फेकतो. खरी चाचणी दोन्हीकडून करावी. वाटीत बर्फाचा चुरा आणि मूठभर जाडं मीठ घातलं की ते शून्याच्या खूप खाली जातं. पिशवीत गुंडाळलेला बायमेटल त्यात दहा मिनिटं ठेवला, मीटर वाजला. बाहेर काढून तळहातावर पार कोमट होऊ दिला, तरी वाजतच राहिला. सुटतच नव्हता. नीट पाहिलं तर त्याची टोपी बेडकाच्या गळ्यासारखी फुगलेली: आत पाणी शिरून, गोठून.

बायमेटल आणि फ्यूज बऱ्याच फ्रीजना एकत्र, वायरीसकट मिळतात. दोन्ही मूळ नंबरचेच घेतले. सांधे नुसते पिळून पट्टी गुंडाळलेले इथे एक पावसाळाही टिकत नाहीत, हिरवे पडतात. चिमटून, वरून उष्णतेने आकसणारी नळी घातली. बायमेटल पूर्वी होता त्याच जागी, कॉइलच्या वरच्या नळीला घट्ट चिकटवून. सैल बसला तर तो हवेचं तापमान मोजतो, कॉइलचं नाही.

पॅनल लावायच्या आधी एक काम राहतंच: पाण्याची वाट. कॉइलखालच्या पन्हळीच्या भोकात साबुदाण्याएवढे तीन खवले आणि काळी बुरशी. पन्नास मिलीच्या सिरिंजने कोमट पाणी सोडत राहिलं, मागच्या ट्रेमध्ये धार लागेपर्यंत. हे भोक तुंबलं की पाणी फ्रीजरच्या तळाला गोठतं आणि उरलेलं हवेच्या वाटेने खाली भाजीच्या ट्रेवर टपकतं. "खाली पाणी साठतं" ही तक्रार तीच.

या मॉडेलला हिम वितळवण्याची वेळ ठरवणारा टायमर होता. स्क्रू ड्रायव्हरने त्याची खाच घड्याळाच्या दिशेने फिरवली, टक् असा आवाज आला, कॉम्प्रेसर थांबला. दोन-तीन मिनिटांत पॅनलमागे चुरचुर, तव्यावर पाण्याचे थेंब पडल्यासारखी. वायरीला वेढून करंट मोजणाऱ्या क्लॅम्प मीटरवर ०.७ अँपिअर, म्हणजे १६० वॉटला बरोबर. पंधरा मिनिटांत मागच्या ट्रेमध्ये पाणी. नव्या फ्रीजमध्ये टायमरऐवजी कार्ड (इलेक्ट्रॉनिक सर्किटची पाटी) असतं, तिथे जबरदस्तीने हिम वितळवण्याची बटणांची जोडणी मॉडेलप्रमाणे वेगळी. दुसऱ्या दिवशी ग्लास ४ अंश.

मल्टीमीटर हाताशी नसेल तर एक कासवगती पण खात्रीची चाचणी आहे. फ्रीज पूर्ण रिकामा करून दोन्ही दारं उघडी ठेवून २४ तास बंद ठेवा. चालू केल्यावर आठवडाभर झकास चालला आणि मग पुन्हा खाली कोमट झाला, तर दोष हिम वितळवण्यातच. गॅस कमी असता तर तो आठवडाही मिळाला नसता. गॅस ही पेट्रोलसारखी संपणारी वस्तू नाही. बंद नळ्यांत तोच फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि ती न शोधता "भरून देतो" म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवावं. गळती बुजवणं, ड्रायर (नळीतली ओल शोषणारा गाळणा) बदलणं, व्हॅक्यूम काढणं आणि वजन करून भरणं, एवढं सगळं झालं तरच ते काम. आर६००ए असेल तर त्याहून जपून: त्यात कॉइलकडचा दाब बाहेरच्या हवेपेक्षाही कमी असतो, त्यामुळे तिथली गळती गॅस सोडण्याआधी आपली दमट हवा आत ओढते.

कॉम्प्रेसर दर दोन-चार मिनिटांनी "टक्" करून थांबत असेल तर आधी सॉकेटवर व्होल्टेज बघा, तेही कॉम्प्रेसर सुरू व्हायच्या क्षणी. २१० वरून १६५ वर कोसळत असेल तर दोष लाइनीत किंवा सैल न्यूट्रलमध्ये आहे. व्होल्टेज ठीक असेल तर रिले (कॉम्प्रेसर सुरू करणारा) आणि ओव्हरलोड (तो फार तापला की तोडणारा) बघा, आणि त्यानंतरच कॉम्प्रेसर. वाडीच्या शेवटच्या खांबावर घर असेल तर स्टॅबिलायझर घ्यावाच, वीज आल्यावर तीन मिनिटं थांबून सोडणारा. कॉम्प्रेसर असतो त्या मागच्या खोबणीचं जाळीदार झाकणही लावलेलं ठेवा. तिथल्या उबेला पाल येते आणि कार्डावर मरते.

वीज जाणं हे आपल्याकडे वेगळं प्रकरण. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर रायगड आणि दापोली-मंडणगडच्या गावांनी कित्येक दिवस अंधार काढला. न उघडलेला गच्च भरलेला फ्रीजर साधारण ४८ तास तग धरतो, अर्धा भरलेला २४, खालचा कप्पा चारच तास. आपल्या उकाड्यात याहून कमीच धरा. म्हणून रिकाम्या जागी पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवायच्या. एका वाटीत पाणी गोठवून त्यावर नाणं ठेवा: परत आल्यावर नाणं तळाशी सापडलं तर मधे सगळं वितळून पुन्हा गोठलं होतं. मग बांगडा, कुपा, तारली टाकूनच द्यावी. या माशांत उबेने हिस्टामिन तयार होतं आणि ते कितीही तिरफळं घालून उकळलं तरी जात नाही. वासावर जाऊ नये, वास पुष्कळदा येतच नाही.

पुरात बुडालेला फ्रीज, २२ जुलै २०२१ नंतर चिपळुणात असे शेकड्यांनी रस्त्यावर होते, कोरडा दिसतो म्हणून पिन लावू नये. कॉम्प्रेसर बंद डबा असल्याने बहुधा वाचतो. रिले, पंखा, कार्ड बदलावं लागतं. पण भिंतीतल्या फोममध्ये गाळाचं पाणी शिरलं असेल तर तो फ्रीज सोडून द्यावा, तो फोम वाळत नाही.

राहिला मागचा ट्रे. पावसाळ्यात हवा इतकी ओली की त्यातलं पाणी उडत नाही, साचतं, आणि डेंग्यूच्या डासाला असंच स्वच्छ, सावलीतलं पाणी लागतं. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून दर रविवारी पिन काढून ट्रे फडक्याने कोरडा करायचा आणि त्याच फडक्याने, गोड्या पाण्यात पिळून, मागच्या नळ्यांवरचं मीठ पुसायचं.